भिंतीवरच्या दोन चादरी

आमच्या गावात एतेल्विना नावाच्या तिघी होत्या. एक पोस्टातली, एक तोतरी आणि तिसरी चादरवाली. पोस्टातली पुढं लिस्बनला गेली, तोतरी वारली, गावात एकच एतेल्विना उरली, तरी तिचं चादरवालीपण काही सुटलं नाही. नुसत्या नावानं हाक मारली तर ती वळूनही बघत नसे. एकदा खुद्द पाद्री भर चर्चमध्ये तिला चादरवाली म्हणून बसला आणि मग खोकल्याचं निमित्त करून पुढं सरकला. लोक फिदीफिदी हसले. हसणाऱ्यांपैकी निम्म्यांना त्या दिवशी काय घडलं ते धड ठाऊक नव्हतं, आणि ज्यांना आपल्याला सगळं ठाऊक आहे असं वाटत होतं, त्यांना तर मुळीच नव्हतं.

ती मूळची वरच्या अंगाची. आमच्या पिको बेटावर वरचे लोक म्हणजे डोंगराच्या पोटाशी काळ्या दगडांचे आडोसे करून द्राक्षं लावणारे, आणि खालचे म्हणजे आम्ही, देवमाशावर जगणारे. वरचे आम्हाला माशाच्या चरबीचा वास येतो म्हणून नाक मुरडणार, आम्ही त्यांना पाय ओले करायला घाबरणारे म्हणून चिडवणार. अशा घरातली मुलगी अमारोसारख्या वल्हेकऱ्याच्या गळ्यात पडली, तेव्हा दोन्हीकडच्यांनी नाराजीच दाखवली. अमारोची आई लिओपोल्दिना हिनं तर पहिल्याच दिवशी सुनेला समोर बसवून घराचे नियम ऐकवले.

"होडी पाण्यात असली की घरात तोंडातोंडी करायची नाही. बाण उडाला की हातातलं काम तिथंच टाकायचं, भाकरीची टोपली घ्यायची आणि धक्क्यावर पळायचं. आणि पांढरं कापड समुद्राच्या अंगाला वाळत घालायचं नाही. मागच्या अंगणात घालायचं, ऊन असो नसो."

"पांढऱ्यानं काय होतं?"

"बघा! वरची ना तू. तुला समुद्र म्हणजे नुसतं निळं पाणी."

तेव्हा होड्यांवर रेडिओ आले नव्हते. गावाच्या डोक्यावर कड्याला टेहळ्याचं दगडी खोपट होतं. तिथं बोनिफासियो पहाटेपासून दुर्बीण लावून बसे. समुद्रात देवमाशाचा फवारा दिसला की तो आधी आभाळात इशाऱ्याचा बाण उडवी आणि मग "ब्लोस! ब्लोस!" असं गळा फाटेस्तोवर ओरडे. हा शब्द आमच्या पणज्यांनी अमेरिकन जहाजांवरून आणलेला. त्याचा अर्थ कुणी विचारत नसे, सगळे नुसते पळत सुटत. होड्या पाण्यात गेल्या की त्यांना मासा दिसत नाही. लाटेच्या बेचक्यात बसलेल्या माणसाला दिसणार काय? त्याला वरचा माणूस सांगणार, आणि वरचा माणूस सांगणार चादरीनं. काळ्या दगडावर पांढरी चादर फार लांबून दिसते. खोपटाच्या उगवतीला चादर पसरली की मासा उगवतीला. मावळतीला पसरली की मासा मावळतीला. खोपटाच्या खाली पसरली की सरळ बाहेर जा, अजून लांब. चादर उचलली की मासा हरवला, आहात तिथं थांबा. आणि दोन चादरी शेजारीशेजारी दिसल्या की सगळं सोडा आणि घरी या. ही शेवटची खूण क्वचित निघे. ती निघाली की बायका गुडघ्यावर बसून लुर्दच्या माउलीला आळवू लागत.

अमारोचं घर गावातलं सगळ्यात वरचं. त्याच्या समोरची काळी भिंत बरोबर खोपटाच्या खाली यायची. एवढं ध्यानात ठेवलं की पुढचं सगळं कळतं.

त्या वर्षी मोसम खडखडीत गेला होता. चरबी वितळवायच्या मोठ्या कढया गंजायला लागल्या होत्या, आणि कंपनीचा माणूस गावात फिरकायचा बंद झाला होता. मासा नाही तर तेल नाही, तेल नाही तर कुणालाच वाटा नाही. लिओपोल्दिना खुब्याचं हाड मोडून वसंतापासून अंथरुणाला खिळली होती. घरात चादरी दोनच, एक तिच्या अंगाखाली आणि एक धुण्यात. त्या सकाळी म्हातारीनं अंथरूण खराब केलं. एतेल्विनानं चादर बदलली, खराब झालेली घासूनघासून धुतली आणि मागच्या अंगणात गेली. तिथं सगळी सावली, दगडाला शेवाळ, दोरीवर कालचेच कपडे ओले. पुढच्या भिंतीवर मात्र लख्ख ऊन पडलं होतं. समुद्र रिकामा होता. कित्येक दिवसांत बाण उडाला नव्हता. म्हातारीनं पुन्हा घाण केली तर खाली घालायला काही नाही, हा एकच विचार तिच्या डोक्यात होता. ऊन आहे तोवर घालावी आणि लगेच काढावी, असं म्हणून तिनं चादर समुद्राकडच्या भिंतीवर टाकली आणि वर दगड ठेवला.

आणि नेमका त्याच वेळी डोक्यावर बाण फुटला.

"ब्लोस! ब्लोस!" बोनिफासियोचा आवाज कड्यावरून खाली कोसळला.

वरची असली तरी तिच्या अंगात आता गाव मुरलं होतं. मक्याचा पाव, चीजचा तुकडा आणि वाईनची बाटली टोपलीत कोंबून ती धावली. अमारो मक्याच्या वाफ्यातून उडी मारून तिच्या पुढं पळत होता, एका पायात चप्पल होती, एका पायात नव्हती. धक्क्यावरून दोन होड्या पाण्यात उतरल्या. ओढून न्यायची मोटरबोट दुरुस्तीला पलीकडच्या बेटावर गेलेली, म्हणून वल्ही आणि शीड एवढ्यावरच जायचं होतं. अमारोच्या होडीचा तांडेल सिल्व्हेरियो. माणूस वाईट नव्हता, पण ताठा असा की आरशातसुद्धा स्वतःला आधी सलाम करायला लावील. दुसरी होडी झेफेरिनोची. "मासा उगवतीला, टोकापाशी!" असं वरून ओरडून सांगितलं होतं, त्याप्रमाणे दोन्ही होड्या उगवतीला वळल्या. बायका धक्क्याच्या कठड्यावर येऊन बसल्या. एतेल्विना दम खात त्यांच्यात बसली.

थोड्या वेळानं डोंगरानं टोपी घातली. आमच्याकडे असं म्हणतात. ढग शिखरावर बसतो आणि मग मनात आलं की खाली घसरतो. बघताबघता कडा गेला, खोपट गेलं.

"आता ह्यांना कोण दाखवणार?" कुणीतरी म्हणालं.

तेवढ्यात सिल्व्हेरियोची बायको ओदिलिया उठून उभी राहिली. "हे काय? ह्या होड्या बाहेर का वळल्या? मासा तर टोकापाशी होता ना?"

दोन्ही होड्यांनी नाक फिरवलं होतं आणि त्या सरळ उघड्या समुद्राकडे निघाल्या होत्या.

"बोनिफासियोनं पाठवलं असेल," ओदिलिया मागं वळून म्हणाली. "ती बघ की चादर. ढगाखाली उतरून घातलीय त्यानं. खाली चादर म्हणजे बाहेर जा. काहीतरी मोठं दिसलं असणार त्याला."

एतेल्विनानं मान वळवली. ढगाच्या कडेखाली, काळ्या भिंतीवर, तिच्या सासूची चादर उन्हात चकाकत होती.

ती उठली आणि वर पळत सुटली. मागून कुणीतरी म्हणालं, "हिला काय झालं?" आणि दुसरीनं उत्तर दिलं, "चुलीवर दूध ठेवून आली असेल."

घराच्या वर पायवाटेवर बोनिफासियो ढगातून चाचपडत उतरत होता. त्याच्या काखेत गुंडाळलेली चादर होती आणि तोंडात शिव्या. "आंधळा झालो! वर बोटभर दिसत नाही. होड्या कुठं आहेत?"

"बाहेर गेल्या."

"बाहेर? कुणी सांगितलं बाहेर जायला?"

एतेल्विनानं भिंतीकडे बोट केलं. बोनिफासियोनं त्या चादरीकडे पाहिलं. मग त्यानं कपाळावर हात मारून घेतला.

"धुणं? बाई, हे धुणं आहे?"

"काढते. आत्ता काढते."

"हात लावू नकोस!" तो एवढ्यानं ओरडला की तिनं हात मागं घेतला. "काढलीस तर काय वाचतील ते? मासा हरवला, थांबा. थांबतील तिथंच. भर समुद्रात, आणि हा डोंगर असा." त्यानं दुर्बीण डोळ्यांना लावली. भिंतीपासून खालचं अजून स्पष्ट दिसत होतं. "झेफेरिनो परततोय. शहाणा माणूस. त्याला संशय आला. सिल्व्हेरियो कुठाय... सिल्व्हेरियो..."

त्याची दुर्बीण एका जागी थांबली.

"काय झालं? बोला ना!"

"भाला बसलाय."

देवाची करणी बघा. टोकापाशी होता तो मासा गेला आणि चुकीच्या खुणेनं पाठवलेल्या होडीला बाहेर दुसराच सापडला, आणि तोही मोठा. एतेल्विनानं दुर्बीण जवळजवळ हिसकावूनच घेतली. एवढासा ठिपका होडीचा. तिची वल्ही आत घेतलेली, आणि तरीही ती पाणी कापत दक्षिणेला धावत होती. पुढं मासा आणि मागं होडी, मधे ताणलेला दोर. तिच्याही पलीकडे पाण्यावर काळी पट्टी होती. ती पट्टी वाऱ्याची, हे आता तिलाही कळत होतं.

"दोन चादरी घाला," ती म्हणाली. "काखेतली तुमची आहे ना? ही घाला माझीच्या शेजारी. परत बोलवा त्यांना."

"नाही."

"वारा येतोय! तुम्हाला दिसतोय ना?"

"दिसतोय. येईलही, बगलेनं निघूनही जाईल. पण मासा लागलेल्या होडीला टेहळ्या परत बोलवत नाही, एतेल्विना. दोर कापायचा की नाही हे फक्त तांडेल ठरवतो. माझ्या बापानं अशा होडीला कधी ती खूण दिली नाही आणि मीही देणार नाही. गावात वर्षभर मासा नाही. उद्या वारा आला नाही तर सिल्व्हेरियो मला काय म्हणेल? तुझा अमारोच काय म्हणेल?"

"जिवंत असला तर म्हणेल ना!"

बोनिफासियोनं दुर्बीण तिच्या हातातून घेतली, चादर काखेत घट्ट दाबली आणि तो झेफेरिनोला गाठायला धक्क्याच्या दिशेनं उतरू लागला. जाताजाता एवढंच म्हणाला, "एक चूक केलीस तेवढी पुरे. दुसरी करू नकोस."

एतेल्विना भिंतीपाशी एकटी उभी राहिली. तिला त्या माणसाचा इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याहून जास्त संताप स्वतःचा आला. होडी बाहेर गेली ती तिच्यामुळे. ती घरात शिरली ती थेट सासूच्या खाटेशी.

"आई, चादर द्या."

"कसली चादर?"

"अंगाखालची. लवकर!"

"वेड लागलं का तुला? आत्ताच तर घातलीस. मी काय आता उघड्या गादीवर पडू? मी मेले की माझ्या शवपेटीवर घालशील ती, तोवर..."

"अमारोला मासा ओढून नेतोय आणि वारा उठलाय. दोन चादरी पाहिजेत!"

लिओपोल्दिना म्हणजे नवरा, दीर, सासरा असे सगळे समुद्रात पाठवलेली बाई. तिनं खाटेची कड दोन्ही हातांनी धरली, मोडक्या खुब्यासकट कंबर उचलली आणि दातओठ खाऊन किंचाळली, "ओढ! बघतेस काय, ओढ!"

एतेल्विनानं चादर ओढली आणि बाहेर धावली. पहिलीच्या शेजारी दुसरी पसरायला घेतली. डोंगरावरून ढगाबरोबर गार झुळूक उतरत होती आणि कापड हातातून फडफडून निसटत होतं. एका कोपऱ्यावर दगड, दुसऱ्या कोपऱ्यावर दगड. तिसरा ठेवायला ती वाकली आणि तिला तो दगड दिसेना. ढग खाली आला होता. आधी भिंतीचं वरचं टोक गेलं, मग चादरी गेल्या, मग तिचे स्वतःचे हात गेले. ती त्या पांढऱ्या काळोखात दोन्ही चादरींवर हात टेकून उभी राहिली. ढग फुंकून घालवता आला असता तर तिनं तेही केलं असतं. ती ओरडली, डोंगराला शिव्या दिल्या, माउलीला नवस बोलली आणि मग पुन्हा डोंगराला शिव्या दिल्या. ढग हलला नाही. खालून घंटा ऐकू येईपर्यंत तिथं दुसरं काहीच दिसलं नाही.

घंटा होडी आल्याची होती. ती पायवाटेवर दोनदा पडली. गुडघा फुटला. ढगाच्या खाली आल्यावर तिला धक्का दिसला, आणि धक्क्याला लागलेली सिल्व्हेरियोची होडी, आत घोट्यावर पाणी, आणि सातच्या सात माणसं. अमारो मागच्या बाकावर बसला होता. तिला रडू फुटायला हवं होतं, पण धक्क्यावरचा आवाज ऐकून तिचं रडू आतल्या आत जिरलं.

मासा नव्हता. दोर तोडलेला होता. आणि सगळ्यात वाईट म्हणजे वारा आलाच नव्हता. ती काळी पट्टी मावळतीला सरकून गेली होती आणि समुद्र पसरट ताटासारखा शांत पडला होता.

सिल्व्हेरियो धक्क्यावर उभा होता. त्याचा आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच सगळे घाबरले होते. "बोनिफासियो, भाला बसल्यावर तुझ्या बापानं कधी ती खूण दिली नाही. तू दिलीस. का, ते सांग."

"मी दिली नाही."

"दोन चादरी दिसल्या."

"तुला दिसल्या?"

"मला कशा दिसतील? माझं तोंड माशाकडे. पाचजण दोर धरून पुढं बघत होते. फळी उचकटली होती, अमारो मागं तोंड करून पाणी उपसत होता. तो म्हणाला, दोन चादरी, शेजारीशेजारी. मी म्हटलं, बोनिफासियो अशी खूण उगाच देणार नाही, मागं काहीतरी भयंकर येत असणार. मी दोर तोडायला लावला. मासा दमला होता. अजून थोडा वेळ, आणि तो आपला होता."

बोनिफासियोनं हळूहळू मान वळवून अमारोकडे पाहिलं. "सिल्व्हेरियो, तेव्हा डोंगर ढगात होता. भिंतीपर्यंत. मी वाट चाचपडत उतरलोय."

बायका, म्हातारे, कोणीही त्या वेळी डोंगराकडे पाहिलं नव्हतं. सगळ्यांचे डोळे समुद्राला चिकटलेले. आता सगळे डोळे अमारोला चिकटले. भाला बसलेला असताना भीतीनं खोटं बोलून दोर तोडायला लावणारा माणूस आमच्याकडे पुन्हा कुठल्याच होडीत बसत नाही. त्याला कुणी मारत नाही, शिव्या देत नाही. त्याच्या बाकावर दुसरा बसतो आणि विषय संपतो. मग त्यानं आयुष्यभर बायकांबरोबर मका खुरपावा.

"अमारो," सिल्व्हेरियो म्हणाला, "तुला काय दिसलं?"

अमारोच्या ओठांवरचं मीठ वाळून पांढरं झालं होतं. त्यानं ते बाहीनं पुसलं.

"चादरी मी घातल्या," एतेल्विना म्हणाली.

गर्दी दुभंगली. पुढं येईपर्यंत तिच्या रक्तबंबाळ गुडघ्याकडे सगळे बघत होते.

"तू?"

"पहिलीपण माझीच. ती खूण नव्हती, धुणं होतं. तुम्ही बाहेर गेलात ते माझ्या धुण्यामुळं. मग वारा दिसला म्हणून दुसरी मी आणून घातली. आईंच्या अंगाखालची काढून."

ओदिलियानं तोंडावर हात ठेवला. मागून कुणीतरी "अगं बाई" म्हणालं.

"ढग?" सिल्व्हेरियोनं विचारलं. "ढग होता की नव्हता?"

एतेल्विनानं अमारोकडे पाहिलं. तो तिच्याकडे बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत काय होतं ते तिला लांबूनही वाचता आलं. तिला लख्ख कळलं की ह्याला काहीही दिसलेलं नाही. दिसणं शक्यच नव्हतं, तिला स्वतःला दिसलं नव्हतं.

"उघडला होता," ती म्हणाली. "जरासा. माझ्या भिंतीपुरता."

"बोनिफासियो?"

बोनिफासियो खोटं बोलणाऱ्यांतला नव्हता. त्यानं तिच्या गुडघ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या काखेतल्या चादरीकडे पाहिलं.

"तेव्हा मी तिच्या भिंतीपाशी नव्हतो," तो म्हणाला. "तिथलं तिलाच माहीत."

सिल्व्हेरियोनं अमारोच्या पाठीवर थाप मारली, आणि ती थाप काही प्रेमाची नव्हती. "उद्यापासून बायकोला होडीवर घेऊन ये. तांडेल होईल ती. तू घरी धुणं धू."

धक्क्यावर हशा पिकला. कडवट हशा, पण अमारोचा बाक वाचला.

पुढचं सगळं गावाला ठाऊक आहे. तो मासा दोनतीन दिवसांनी मरून मावळतीकडच्या एका गावाला लागला, पाठीत आमचा भाला घेऊन. त्यांनी भाला परत पाठवला, तेल ठेवून घेतलं. त्या हिवाळ्यात आमच्या गावात बऱ्याच घरी नुसत्या रताळ्यांवर दिवस निघाले आणि प्रत्येक घासाला एतेल्विनाचं नाव निघालं. कित्येक बायकांनी तिच्याशी बोलणं टाकलं. ओदिलियानं तर धुण्याच्या हौदावरची आपली जागा बदलून घेतली. पोरं तिला बघून रुमाल हलवायची. ती सगळं गिळायची आणि खाली मान घालून कपडे आपटायची.

मला राग येतो तो अमारोचा. त्या माणसानं एकदासुद्धा, दारूच्या गुत्त्यावर नाही, जत्रेत नाही, कधीच तिची बाजू घेऊन तोंड उघडलं नाही. उलट प्रत्येक वेळी बाण उडाला, धक्क्यावर ती टोपली द्यायला आली की तोच सगळ्यांदेखत ओरडून विचारी, "चादरी कुठंयत तुझ्या?" ती म्हणे, "मागच्या अंगणात." लोक खो खो हसत. मग तो वल्हं धरून बसे. वल्हं मारणाऱ्याचं तोंड नेहमी किनाऱ्याकडे असतं. होडी दिसेनाशी होईपर्यंत तो त्या काळ्या भिंतीकडे बघत राही. देवमाशांचा धंदाच बंद होईपर्यंत तो तसाच जात राहिला आणि तसाच बघत राहिला. पुढं तो गेला, तीही म्हातारी झाली. गंजलेल्या कढयांपाशी आता पाहुणे फोटो काढतात आणि टेहळ्याच्या खोपटात बसून कुणीतरी त्यांच्या बोटींना मासे दाखवतो, नुसतं बघायला.

पण त्या दिवशीची संध्याकाळ गावाला ठाऊक नाही. ती लिओपोल्दिनानं ऐकली, कारण मधली भिंत फळ्यांची होती आणि उघड्या गादीवर तिला झोप येत नव्हती. मरण्याआधी तिनं ती आमच्या आईला सांगितली आणि कुणाला सांगू नकोस म्हणून शपथ घातली. आईनं ती शपथ माझ्यापर्यंत पाळली.

अमारो चुलीपाशी बसला होता. समोरचं सूप थंड झालं होतं. वल्ह्यानं सोललेले तळवे त्यानं मांडीवर उताणे ठेवले होते.

"एक विचारू?" तो म्हणाला.

"विचार."

"दुसरी चादर खरंच घातलीस?"

"आईंना विचार. उघड्या गादीवर पडल्यात."

त्यानं सुपाची वाटी बाजूला सरकवली.

"मला काही दिसलं नाही, एतेल्विना. सगळा डोंगर पांढरा होता. पाणी उपसून उपसून हात चालेनात, आणि सिल्व्हेरियो नुसता पुढं बघत होता. म्हटलं दोन चादरी. तोंडाला आलं ते बोललो."

"ठाऊक आहे."

"कसं ठाऊक?"

"मी तिथंच उभी होते ना. मला माझे हात दिसत नव्हते."

"म्हणजे धक्क्यावर तू..."

"सूप पी."

तो प्यायला नाही. थोड्या वेळानं अगदी हळू आवाजात म्हणाला, "पण होत्या?"

"होत्या."

मग अमारो रडला. लिओपोल्दिनानं आपल्या मुलाला तो लहान असतानाच काय ते रडताना ऐकलं होतं. तिनं थोडा वेळ ऐकून घेतलं आणि मग फळीवर मुठीनं ठोकलं.

"रडून झालं असेल तर माझी चादर आणा कुणीतरी. खुबा गारठून गेलाय माझा."

दोघं कंदील घेऊन भिंतीपाशी गेली. ढग वर सरकला होता. चादरी दगडांखाली जिथल्या तिथं होत्या, दवानं चिंब झालेल्या. तिनं एक टोक धरलं, सोललेल्या हातांनी त्यानं दुसरं धरलं, आणि दोघांनी मिळून आधी एक पिळली, मग दुसरी.